गुंज, एक नग

आप्पांनी मला एकदाच शाबासकी दिली, आणि तीही वजनात. "हुशार हाईस गड्या," ते म्हणाले, "मासाभर." मी खुशीत घरी आलो, बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "मासा म्हणजे किती?" ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आप्पांनाच विचारलं. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा.

"म्हणजे तोळा व्हायला अजून अकरा मासे पाहिजेत," मी म्हणालो.

"बघ," आप्पा म्हणाले, "बेरीज-वजाबाकी जमतीया तुला."

कुपवाडला आमचा पंपाचे शाफ्ट आणि बुश बनवणारा छोटा कारखाना. आप्पा तिथे इन्स्पेक्टर. म्हणजे तयार मालाची मापं तपासायची, पास करायचा किंवा बाजूला काढायचा. मी डिस्पॅचला. ते माल अडवायचे आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या मी खायचो, अशी कामाची विभागणी होती. त्यांचं गाव पाटणच्या पलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात. तिथून ते तरुणपणी दोन गोष्टी घेऊन सांगलीला आले. एक, केसाच्या जाडीएवढा फरक नुसत्या बोटाला कळण्याची कला. दुसरी, झाडपाल्याची माहिती. पहिलीचा त्यांना पगार मिळायचा. दुसरीपायी लोकांची बोलणी खावी लागायची, कारण आप्पा औषध सांगण्यापेक्षा ते नाकारण्यातच जास्त तरबेज होते.

कारखान्याच्या मागे, भंगाराच्या ढिगापलीकडे, त्यांनी बाग केली होती. फुटकी ओतकामं, नापास झालेल्या पंपांची पोटं, गंजलेले डबे, या सगळ्यांत एकेक झाड. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी, आणि पाटीवर अक्षरं ठोकलेली. कुठल्याही पाटीवर झाडाचा फायदा लिहिलेला नव्हता. अडुळशावर होतं, 'पोटुशीनं न्हाई'. कोरफडीवर तेच, आणि खाली 'जुलाब झाल्यास मला सांगू नये'. गुळवेलीवर, 'रोज न्हाई. डोळं पिवळं झालं तर दवाखाना'. आणि कुंपणावर चढलेल्या गुंजेच्या वेलावर, 'पाला खावा. बी नुस्तं बघावं'.

"आप्पा, कशावर चालतं ते पण लिहा की," मी एकदा म्हणालो.

"फायदं लोक आपसूक हुडकत्यात रं. तोटं कोण इचारतंय?"

त्या बागेशेजारून मी वर्षानुवर्षं डबा खायला जात होतो. पाट्या वाचायच्या असतात हे मला सुचलं नाही. टाळेबंदीत सगळा देश काढे पीत होता, तेव्हा मीही रोज सकाळी तांब्याभर गुळवेलीचा काढा प्यायला लागलो. कारखाना पुन्हा सुरू झाला त्या दिवशी फाटकातच आप्पांनी मला थांबवलं. मास्क होता, त्यामुळे डोळेच काय ते दिसत होते, आणि आप्पा तेच बघत होते.

"किती दिस पितूयास?"

"तीन महिने."

"कुणी सांगिटलं?"

"सगळेच पितात."

"सगळ्यांचं मिळून एकच लिव्हर हाय व्हय रं?"

रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि आप्पांच्या पाटीवर होतं तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. काढा बंद केल्यावर दोन महिन्यांत आकडे जागेवर आले. मी पेढे घेऊन आप्पांकडे गेलो. पेढे घेताना त्यांची एक पद्धत होती. बरा झालेला माणूस आला की ते विचारायचे, "कशानं बरा झालास?" तो म्हणायचा, "तुमच्या पाल्यानं." "का आपसूक?" असा पुढचा प्रश्न. "माहीत नाही" असं उत्तर आलं तरच पेढा तोंडात जायचा. अशा रीतीने आप्पांनी फार थोडे पेढे खाल्ले.

मालकांनाही त्यांनी सोडलं नाही. मालकांना साखरेवर काहीतरी पाला हवा होता. आप्पा म्हणाले, "गोळ्यांची पाकिटं आणा." मालकांनी आणली. आप्पांनी ती शाफ्ट तपासतात तशी उजेडात धरून वाचली आणि परत दिली. "ह्या चालू हाईत तवर माझं काय न्हाई. दोन्ही मिळून साखर खाली आली म्हंजे तुमी बी खाली, खुर्चीतनं." मालक नाराज झाले. पण आप्पांना काढणार कसं? माल कुणी तपासायचा?

आप्पा निवृत्त व्हायला सहा महिने उरले, तेव्हा मला वाटलं की हे ज्ञान टिकलं पाहिजे. असं वाटणारा माणूस नेहमीच धोकादायक असतो, पण ते मला नंतर समजलं. मी आठ दिवस त्यांच्या मागे लागलो. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "बरं, घशाचं तेवढं घे. त्यात कोण मरत न्हाई."

मी खिशातली डायरी काढली. आप्पा शब्द मोजून सांगायला लागले. "गुंजेचा पाला मूठभर. ज्येष्ठमध बोटभर. पिंपळी गुंजभर. कुटून, मधातनं. आवाज बसल्यावर. दोन दिसांत उतार न्हाई पडला तर डागदर." मी तंतोतंत लिहून घेतलं. डायरी अरुंद होती. 'पिंपळी गुंज' एवढ्यात ओळ संपली. 'भर' खालच्या ओळीवर गेलं, 'कुटून' आणि 'मधातून'च्या शेजारी.

घरी आल्यावर मी ते नीट टाइप करायला बसलो. मला एकच नमुना येतो, मालासोबत जाणाऱ्या आमच्या चलनाचा. अनुक्रमांक, मालाचे वर्णन, नग, शेरा. बावीस वर्षं मी त्याच चौकटीत जगलो आहे. पाला म्हणजे एक मूठ, ज्येष्ठमध म्हणजे एक बोट, इथवर ठीक चाललं. पुढे 'पिंपळी गुंज'. माझ्या दृष्टीने पिंपळी हा एक माल आणि गुंज हा दुसरा. गुंज हे वजन असतं हे मला आप्पांनी माझ्या हुशारीचं माप काढताना सांगितलं होतं, पण ती माहिती मी वैयक्तिक अपमान म्हणून साठवली होती, औषध म्हणून नाही. आणि खालच्या ओळीतलं एकटं 'भर' मी 'भरपूर'चं संक्षिप्त रूप समजलो. तयार झालेला तक्ता असा होता: १. गुंजेचा पाला, १ मूठ. २. ज्येष्ठमध, १ बोट. ३. पिंपळी, गरजेनुसार. ४. गुंज, १ नग. ५. मध, भरपूर. शेरा: कुटून घेणे.

'गरजेनुसार' हा शब्द मला फार आवडतो. गरज किती हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं तिथे तो चपखल बसतो.

तक्ता आप्पांना दाखवायचा असं मी ठरवलं होतं. पण ते दोन दिवस गावी गेले होते, आणि त्याच वेळी खंडाळ्याहून सासऱ्यांचा आवाज बसल्याची बातमी आली.

आमचे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, पंचायत समितीतून निवृत्त झाले आणि श्रद्धांजलीत पडले. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत भाषणं होतात. मामांचं भाषण कावळा शिवून गेल्यावरही चालायचं. खंडाळा तालुक्यात माणूस गेला की आधी लाकडं सांगायची आणि मग मामांना, असा रिवाज पडला होता. त्या आठवड्यात तीन दहावे झाले आणि मामांचा घसा गेला. चौथा दोन दिवसांवर होता, तोही एका मोठ्या पुढाऱ्याचा.

बावीस वर्षांत मामांनी माझं एकही ऐकलेलं नव्हतं. ही संधी होती. मी तक्ता पाठवून दिला. खाली लिहिलं, 'संकलन: आपला जावई'.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मेहुण्याचा फोन आला. वडिलांना तो दादा म्हणतो. "दाजी, दादांनी तुमचं औषध घेतलं. गुंज एकच घ्यायची का दोन? फरक नाही म्हणतायत. म्हणजे म्हणत नाहीत, लिहून दाखवतायत."

असली शंका मी माझ्या अधिकारात सोडवत नाही. आप्पा त्याच दिवशी परत कामावर आले होते. फोन स्पीकरवर टाकून मी त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि विचारलं, "आप्पा, गुंज दोन चालतील का?"

आप्पांच्या हातात मायक्रोमीटर होता. तो त्यांनी पुसला, डबीत ठेवला, डबी बंद केली. मग विचारलं, "कुणाला?"

"सासऱ्यांना. एक घेतली आहे. दुसरी..."

"पाला का बी?"

"नग," मी म्हणालो.

आप्पांनी माझ्या हातातला फोन घेतला. मी त्यांना घाईत कधीच बघितलं नव्हतं, तेव्हाही ते घाईत दिसले नाहीत. फक्त त्यांच्या बोलण्यातली मधली जागा नाहीशी झाली. "कोण बोलतंय? पोरगा का त्येंचा? बरं. चावली का गिळली?"

मेहुणा म्हणाला, "कुटायला घेतली होती. खलबत्त्यातून उडाली. तीनदा उडाली. चौथ्यांदा कॉटखाली गेली. मग दुसरी घेतली आणि पाण्याबरोबर गिळली."

"अख्खी?"

"अख्खी."

"मध नाही घेतला?" मी मधेच विचारलं, कारण तक्ता माझा होता.

"शुगर आहे ना दादांना."

आप्पांनी मला हाताने मागे सारलं. "आता नीट आठवून सांग. बीला भोक हुतं का?"

पलीकडे धावपळ झाली. सासूबाईंचा आवाज आला. लक्ष्मीपूजनाला ठेवायच्या डबीत गुंजा होत्या. त्यात काही सुट्ट्या होत्या आणि काही एका तुटलेल्या जुन्या माळेतल्या. मामांनी कुठली घेतली, हे मामांनाही सांगता येईना.

आप्पा म्हणाले, "ऐका. ह्या बीचं कवच लय टणक असतंय. अख्खं ग्येलं तर बहुतेक तसंच भाईर येतंय. पर माळंतलं असंल तर त्येला भोक पाडलेलं. आतलं इख मोकळं हुतंय. आता काय हुत न्हाई म्हणून घरात बसू नका, ह्येचा तरास उशिरा सुरू हुतो. गाडी काढा आन् साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्या. डबी संगं घ्या, डागदरला दावा."

"मिठाचं पाणी पाजून उलटी काढू का?"

"काय पाजू नका. काय काढू नका. गाडी काढा."

"आणि तुमचा काही पाला वगैरे, उतारा म्हणून?"

या प्रश्नाची आप्पांना सवय होती. तीस वर्षं सगळी सांगली त्यांना हेच विचारत आली होती. ते म्हणाले, "ह्याला पाला न्हाई," आणि फोन माझ्या हातात ठेवला. मग कुंपणाकडे गेले, गुंजेच्या वेलाची शेंगांसकट एक फांदी तोडली आणि माझ्या गाडीत येऊन बसले.

आम्ही साताऱ्याला निघालो, पेठ नाका आला. नाक्यावर आप्पा म्हणाले, "कागद दाव." मी फोन पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली. 'गुंज' वाचलं. 'एक नग' वाचलं. थांबले.

"आन् भर कुठं ग्येलं?"

"खालच्या ओळीवर," मी म्हणालो.

"तिथं काय केलंस त्येचं?"

"भरपूर."

त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. कऱ्हाड सोडल्यावर म्हणाले, "मी बी येडाच. तुला गुंजभर म्हनालो. पुडी बांधून हातात द्यायची सोडून तोंडानं माप सांगिटलं." मला वाटलं की ते माझी समजूत घालतायत. तसं नव्हतं. चूक माझी, आणि माझ्यासारख्याच्या हातात वही देणं ही त्यांची, अशी त्यांची वाटणी होती. ती मला आजही न्याय्य वाटते.

दवाखान्यात मामा बाकावर नव्हते, आत होते. त्यांना कोळशाचं काळं पाणी पाजलं होतं, हाताला सलाईन होतं, आणि तोंडाभोवती काळी वर्तुळं होती. डॉक्टर तरुण होत्या. आप्पांनी फांदी पुढे धरली आणि कवच, भोक, चावणं, गिळणं, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

"तुम्ही वैद्य आहात का?"

"न्हाई. इन्स्पेक्टर."

त्या ताठ उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं की औषध खात्याची तपासणी आली. आप्पांना असले गैरसमज दूर करायची सवय नव्हती, त्यामुळे पुढचे तीन दिवस आम्हाला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगण्यात आली. रक्त, लिव्हर, किडनी, सगळं पुन्हा पुन्हा बघावं लागेल. लक्षणं दोन-तीन दिवसांनीही येऊ शकतात. यावर नेमका उतारा नाही. बी फुटलं नसेल तर सुटतील. फुटलं असेल तर, त्या म्हणाल्या, आपण बघूच. घशाला पूर्ण विश्रांती, एक शब्दही बोलायचा नाही.

मामांनी चिठ्ठी लिहिली: 'उद्याच्या दहाव्याचे काय?'

बाहेर व्हरांड्यात मेहुणा माझ्याकडे आला. आप्पा चार हातांवर भिंतीला टेकून उभे होते. तो त्यांना ओळखत नव्हता, किंवा ओळखून मुद्दाम बोलला. "कोण तो झाडपालेवाला, दाजी? तुमच्या ओळखीचा? अशा माणसांना आत टाकायला पाहिजे."

उत्तर एका वाक्याचं होतं. माझ्याजवळ ते तयार होतं. मी म्हणालो, "पाण्याची बाटली आणतो," आणि खाली गेलो. बाटली आणायला मला अर्धा तास लागला. परत आलो तेव्हा आप्पा मेहुण्याला सांगत होते, "व्हय, माझ्याच बागंतलं औषध हाय त्ये. तुमी बोला. तुमचा बाप हाय." मेहुणा बोलला. बरंच बोलला. मी बाटलीचं झाकण उघडत होतो. ते नवीन झाकण होतं, घट्ट होतं.

आप्पा त्या तीन दिवसांत घरी गेले नाहीत. बाकावर बसून राहिले, आणि परिचारिका बाहेर आली की विचारायचे, "झाली का?" त्यांना विचारायची होती ती गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. बी सापडलं. काळ्या कोळशात लाल टिपका. डॉक्टरांनी आप्पांना आत बोलावलं, सरकारी प्रतिनिधी म्हणून. आप्पांनी हातमोजा घातला, बी खिडकीच्या उजेडात फिरवलं. भोक नव्हतं. तडा नव्हता. तरी ते खूप वेळ फिरवत राहिले. मग बाकावर येऊन बसले, आणि पहिल्यांदाच चहा मागितला.

तिसऱ्या दिवशी मामांना सोडलं. गाडीत बसताना ते म्हणाले, "चला." खणखणीत. घाटातून घुमावा असा आवाज होता तो. तीन दिवस माणूस बोलला नाही, दुसरं काय होणार? पण मामांनी निष्कर्ष काढला होता. "जावईबापू," ते म्हणाले, "गुण आला हो तुमच्या गुंजेचा."

आठवड्याभराने मला कळलं की मामांनी तक्ता नऊ ग्रुपवर पाठवला आहे. वर ठळक अक्षरांत 'स्वानुभव', खाली माझं नाव, आणि पुढे 'उच्चशिक्षित'. मी आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं की ते चिडतील. ते म्हणाले, "माल भाईर ग्येलाय. परत बोलवायचा."

कारखान्यात एखादा खराब लॉट निघून गेला तर तो आम्ही असाच परत मागवतो. कुणाला किती गेला, पुढे त्याने कुणाला दिला, सगळ्यांना फोन. आप्पांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. मी फोन करत होतो. "तो तक्ता चुकीचा आहे. बी खायचं नाही. पुसून टाका." बहुतेक जण म्हणाले, "हो का?" एकाने विचारलं, "मग पिंपळी किती?" एक जण म्हणाला, "अहो पण तुमचे सासरे तर बरे झाले." आप्पांनी फोन घेतला. "रेड्यावरनं पडून बी एखादा वाचतो. म्हणून रेडा औषध न्हाई." पण कुणी कुणाला पुढे पाठवलं याची यादी कधीच पूर्ण होत नाही. आणि मामा तर फोन उचलून "बरं बरं" म्हणायचे आणि दहाव्याला जाऊन माईकवर तेच सांगायचे.

शेवटी एका सकाळी आप्पाच म्हणाले, "पुढचा दहावा कवा हाय?"

आम्ही खंडाळ्याजवळच्या घाटावर पोचलो तेव्हा पिंड मांडून झाले होते आणि मामा उभे होते. पाचेकशे माणूस होतं. गेलेल्या माणसाचं थोडक्यात आटोपून मामा स्वतःवर आले. "मित्रहो, महिन्यापूर्वी हा कंठ बंद पडला होता. मृत्यू उशाला येऊन बसला होता. अशा वेळी निसर्गाने काय दिलं? गुंज! एवढीशी! आणि आज..." बायका कौतुकाने बघत होत्या. दोघीतिघी माना डोलवत होत्या. एकीने शेजारणीला विचारलं, "लाल का पांढरी वो?"

आप्पांनी मला काही सांगितलं नाही. ढकललंही नाही. ते फक्त माझ्याकडे बघत होते, शाफ्टकडे बघतात तसं, मापात बसतोय का नाही एवढंच. मी पुढे गेलो. जावई माईककडे येतोय हे बघून मामा आनंदाने बाजूला झाले. त्यांना वाटलं की मी दुजोरा द्यायला आलो.

मी म्हणालो, "ते औषध मी लिहिलं. चुकीचं लिहिलं. गुंजभर म्हणजे गुंजेच्या वजनाएवढी पिंपळी. मला वाचता आलं नाही, मी तिथे गुंजच लिहिली. ते बी विषारी आहे. मामा तीन दिवस दवाखान्यात होते ते त्याच्यामुळे. ते वाचले ते बी फुटलं नाही म्हणून. आणि दवाखान्यात सगळ्यांनी या आप्पांना बोल लावले, तेव्हा मी पाणी आणायला गेलो होतो." हे शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते माईकमधून नदीपलीकडे गेलं आणि परत आलं.

मेहुणा पुढच्या रांगेत होता, तो चपलांकडे बघत होता. मामांनी माईक परत मागितला नाही. मग आप्पा आले. त्यांना माईकवर बोलायची सवय नव्हती, ते फार जवळ गेले. "ज्यांनी घरात आणली आसंल, त्यांनी खाऊ नका. फोडू नका. पोरांच्या हातात दिऊ नका. कुणी खाल्ली आसंल तर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जावा, पोटात दुखायची वाट बघू नका." एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. काठी टेकत आली, आप्पांसमोर उभी राहिली. आवाज पार बसलेला होता, नुसता वारा बाहेर पडत होता. पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी. ती तिने उघडून दाखवली. लाल-काळी, मऊ, वस्त्रगाळ पूड. आठ-दहा गुंजांची तरी असेल.

"लेकीच्या मालकानं फोनवर धाडलंतं. आज घरी जाऊन घ्यायची हुती. न्हाई घ्यायची म्हणता?"

"न्हाई, मावशी," आप्पा म्हणाले. त्यांनी पुडी तशीच मिटली आणि दोन्ही हातांनी धरली.

म्हातारी माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसती हळहळ होती.

"काय बाबा तुमी शिकलेली माणसं," ती म्हणाली. "दोन दिस कुटत हुते की रं मी."